भिंत बरोबर नेता येत नाही

१९३६ चा हिवाळा. माद्रिदहून वालेन्सियाकडे निघालेले ट्रक अर्गांदाच्या लोखंडी पुलापाशी येऊन अडले. ट्रकवर लाकडी चौकटींत बांधलेली चित्रं होती, आणि त्यांत जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याचं 'लास मेनिनास' होतं. हे चित्र तीन मीटरहून उंच. ट्रकची उंची, वर पेटीची उंची, आणि पुलाच्या माथ्यावर आडव्या लोखंडी तुळया. ट्रक काही खालून जाईना. मग माणसांनी पेट्या उतरवल्या, लाकडी ओंडक्यांवरून ढकलत पुलापलीकडे नेल्या आणि तिकडे पुन्हा ट्रकवर चढवल्या. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं आणि आघाडी फार दूर नव्हती. साडेतीनशे वर्षं राजवाड्यात आणि संग्रहालयात सांभाळलेल्या स्पेनच्या चित्रसंपदेचा जीव त्या काळात असा ओंडक्यांवर टांगलेला होता.

चित्रं हलवण्याच्या या सगळ्या कामाची जबाबदारी ज्या सरकारी खात्यावर होती, त्याचा प्रमुख होता २९ वर्षांचा एक पोस्टर-चित्रकार. त्याचं नाव जोसेप रेनाऊ. पुढे तो भित्तिचित्रकार झाला, देशाबाहेर फेकला गेला, मेक्सिकोत १९ वर्षं आणि पूर्व जर्मनीत जवळजवळ पाव शतक राहिला. दुसऱ्यांची चित्रं त्याने पेट्यांत घालून वाचवली. त्याची स्वतःची मोठी चित्रं मात्र भिंतींवर होती, आणि निर्वासिताला एवढी एकच वस्तू बरोबर नेता येत नाही. रेनाऊचं आयुष्य समजून घ्यायचं तर हा पेच आधी ध्यानात घ्यायला हवा. बाकीचं त्याच्या मागोमाग उलगडत जातं.

रेनाऊचा जन्म १७ मे १९०७ चा, वालेन्सियाचा. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे शहर संत्र्यांसाठी आणि भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. वडील जुनी चित्रं दुरुस्त करायचे आणि चित्रकला शिकवायचे. घरात रंगांचा वास आणि जुन्या संतांची चित्रं. मुलगा वालेन्सियाच्याच कलाशाळेत गेला, तिथे शिक्षकांशी भांडला, तेव्हा वडिलांनी त्याला एका शिळाछापखान्यात कामाला लावलं. वडिलांच्या लेखी ती शिक्षा होती. मला विचाराल तर रेनाऊचं खरं शिक्षण तिथेच झालं. एकच चित्र हजार प्रतींत कसं निघतं, कोणता रंग छापल्यावर मरतो आणि कोणता लांबून दिसतो, हे कलाशाळेत कुणी शिकवत नव्हतं.

१९२८ मध्ये माद्रिदमध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं. वय २१. सरदार-श्रीमंतांनी कौतुक केलं, आणि त्या कौतुकानेच तो अस्वस्थ झाला. ज्यांच्या दिवाणखान्यात आपली चित्रं जाणार त्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असं त्याला वाटलं. वालेन्सियाला परतून त्याने सिनेमाची पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांची पानं अशी रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेला पडतील ती कामं धरली. १९३१ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला. १९३२ मध्ये मान्युएला बायेस्तेर या चित्रकर्तीशी लग्न केलं. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. १९३५ मध्ये त्याने 'नुएवा कुल्तुरा' म्हणजे 'नवी संस्कृती' हे मासिक सुरू केलं.

याच काळात त्याने एक तंत्र आपलंसं केलं, फोटोमोंताज. म्हणजे वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे कापायचे आणि एका कागदावर असे जुळवायचे की त्यातून तिसरंच काही बोललं जाईल. समजा, वर्तमानपत्रात एका बाजूला सेनापतीचा फोटो आहे आणि दुसऱ्या बाजूला रिकामं ताट घेतलेल्या मुलाचा. वेगवेगळे पाहिले तर दोन बातम्या. सेनापतीच्या छातीवरच्या पदकांच्या जागी ती रिकामी ताटं चिकटवली, तर तो आरोप होतो. जर्मनीत जॉन हार्टफील्ड हिटलरविरुद्ध हेच करत होता आणि रेनाऊने त्याच्याकडून पुष्कळ घेतलं. फरक रंगाचा होता. रेनाऊ फोटोंवर एअरब्रशने रंग चढवी. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारी पिचकारी. तिने तुकड्यांमधले सांधे झाकले जात आणि चित्र सिनेमाच्या पोस्टरसारखं गुळगुळीत, झगझगीत दिसे. पुढे भिंतीवर गेल्यावर हीच पिचकारी त्याच्या कामी आली.

आता थोडं राजकारण, कारण त्याशिवाय निर्वासन कळणार नाही. १९३१ मध्ये स्पेनचा राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आलं. जमिनी, शाळा, चर्चची सत्ता या सगळ्याला हात घालणारं ते सरकार होतं, आणि म्हणून त्याला शत्रूही पुष्कळ होते. जुलै १९३६ मध्ये सैन्यातल्या सेनापतींनी उठाव केला. फ्रांको त्यांचा म्होरक्या झाला. हिटलर आणि मुसोलिनीने त्याला विमानं आणि सैनिक दिले. प्रजासत्ताकाला सोव्हिएत रशियाने शस्त्रं दिली, जगभरातून स्वयंसेवक आले, पण ब्रिटन आणि फ्रान्सने हात वर केले. पावणेतीन वर्षं लढाई चालली आणि प्रजासत्ताक हरलं.

उठावानंतर दोन महिन्यांत, सप्टेंबर १९३६ मध्ये, रेनाऊला ललितकला खात्याचा महासंचालक नेमण्यात आलं. त्याच महिन्यात पिकासोला माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाचा संचालक केलं गेलं. पिकासो पॅरिसमध्येच राहिला, खुर्चीवर कधी बसला नाही, पण त्याच्या नावामुळे जगाचं लक्ष प्रादोकडे वळलं. नोव्हेंबरात फ्रांकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीशी आलं. सरकार वालेन्सियाला हललं आणि पाठोपाठ चित्रंही निघाली. १६ नोव्हेंबरला प्रादोवर बॉम्ब पडले, तेव्हा पहिल्या पेट्या आधीच रवाना झालेल्या होत्या.

वालेन्सियात ही चित्रं कुठे ठेवायची? शहराच्या जुन्या तटाचे दोन भक्कम दगडी बुरूज उभे होते, तोर्रेस दे सेरानोस. वास्तुविशारद होसे लिनो वामोंदेने ते चित्रांसाठी बांधून काढले. आत काँक्रीटचे घुमट घातले, आणि थरांमध्ये मातीबरोबर चक्क भाताचं तूस भरलं. तूस हलकं, पोकळ, दाबलं की दबणारं. वरून बॉम्ब पडलाच तर हादरा तुसात जिरावा, चित्रापर्यंत पोचू नये, हा हिशेब. भातगिरणीमागे तुसाचे ढीग ज्याने पाहिले आहेत त्याला यातली हुशारी सांगावी लागणार नाही. गावात जे फुकट पडलेलं असतं, त्यानेच वेलास्केझ आणि गोया सांभाळले.

सगळं सुखरूप झालं असं नाही. १९३८ मध्ये चित्रं वालेन्सियाहून उत्तरेला कातालोनियात हलवताना बेनिकार्लो गावात एका घराची गॅलरी ट्रकवर कोसळली. गोयाची '२ मे' आणि '३ मे' ही दोन मोठी चित्रं फाटली. पहिल्याचा तर एका कडेचा भाग गेलाच. तिथे कित्येक वर्षं सपाट रंगाचे ठिगळ दिसत होते, ते २००८ च्या दुरुस्तीत भरून काढले. फेब्रुवारी १९३९ मध्ये, पराभव समोर दिसत असताना, ७१ ट्रकांतून १,८६८ पेट्या सरहद्द ओलांडून जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या ताब्यात पोचल्या. या शेवटच्या टप्प्याचं श्रेय रेनाऊचं नव्हे. ते तिमोतेओ पेरेस रुबिओ या दुसऱ्या चित्रकाराचं आणि त्याच्या मंडळाचं. रेनाऊचं संचालकपद १९३८ मध्येच संपलं होतं.

संचालक असताना त्याने केलेली आणखी एक गोष्ट जगाला चांगली ठाऊक आहे, फक्त त्यामागचा माणूस ठाऊक नाही. १९३७ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन होतं. प्रजासत्ताकाने तिथे आपलं दालन उभारायचं ठरवलं. १९३६ च्या शेवटी रेनाऊ पॅरिसला गेला आणि त्याने तिथल्या स्पॅनिश कलावंतांना, पिकासोलाही, या दालनासाठी काम करायची गळ घातली. २६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातलं गेर्निका गाव बेचिराख केलं, आणि पिकासोला विषय सापडला. 'गेर्निका' या जगप्रसिद्ध चित्राआधी एक सरकारी निमंत्रण होतं, आणि ते घेऊन जाणारा माणूस स्वतः चित्रकार होता. त्याच दालनात रेनाऊने फोटोंचे भिंतभर मोठे फलक केले होते. शेतकरी, शाळा, सैनिक, वाचवलेली चित्रं. लोक 'गेर्निका' बघायला यायचे आणि जाता-येता हे फलक बघायचे. दालन प्रदर्शनासाठीच उभारलेलं होतं. प्रदर्शन संपलं, दालन पाडलं, फलक गेले. त्याच्या हातून गेलेली ही पहिली भिंत.

१९३९ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे पाच लाख माणसं पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. रेनाऊ त्यांत होता. फ्रान्सने त्यांना समुद्रकाठच्या वाळूत, काटेरी तारांच्या आत ठेवलं. आर्जेलेस-स्युर-मेर ही त्यांतली एक छावणी, आणि तिथे सुरुवातीला डोक्यावर छप्परसुद्धा नव्हतं. थंडीत वाळूत खड्डे खणून माणसं झोपत होती. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हाताशी सरकारी छापखाने असलेला माणूस तिथे बाकीच्यांसारखाच एक आकडा झाला. ओळखीच्या कलावंतांच्या आणि मदत समितीच्या प्रयत्नांनी तो सुटला आणि मे १९३९ मध्ये मान्युएला आणि मुलांसह 'फेंदाम' या जहाजाने न्यूयॉर्कमार्गे मेक्सिकोला निघाला. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी स्पॅनिश निर्वासितांना दार उघडं ठेवलं होतं. एकूण २० हजारांच्या आसपास लोक तिथे गेले.

मेक्सिको म्हणजे तेव्हा भित्तिचित्रांची राजधानी. रिवेरा, ओरोस्को आणि सिकेरोस या तिघांनी सरकारी इमारतींच्या भिंती इतिहासाने भरून टाकल्या होत्या. त्यातला दाविद आल्फारो सिकेरोस स्पेनच्या युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढून आला होता आणि रेनाऊला ओळखत होता. मेक्सिको शहरात वीज कामगारांची संघटना नवं मुख्यालय बांधत होती. तिथल्या जिन्यातलं भित्तिचित्र सिकेरोसकडे आलं. त्याने मेक्सिकोचे तीन आणि निर्वासित स्पॅनिश तीन असा चमू जमवला, स्वतःला धरून. स्पॅनिश तिघांपैकी दोघे लवकरच बाहेर पडले आणि रेनाऊ एकटा उरला.

आता हे जिन्यातलं चित्र जरा जवळून पाहू, कारण रेनाऊ भित्तिचित्रकार झाला तो इथे.

टांगलेल्या चित्रासमोर आपण उभे राहतो. चित्रकार ते एका जागेवरून रंगवतो, आपणही साधारण त्याच जागेवरून पाहतो. जिन्यात कुणी उभं राहत नाही. माणूस खालून चढतो तेव्हा समोरची भिंत त्याच्या डोक्यावर असते. मधल्या चौकात वळतो तेव्हा तीच भिंत बाजूला येते, अगदी खांद्याशी. वर पोचल्यावर मागे पाहिलं तर ती पायाखाली दिसते. एका माणसाला एकच भिंत तीन कोनांतून दिसते, आणि प्रत्येक कोनातून तिच्यावरचे आकार वेगळे पिचकतात. रस्त्यावर पांढऱ्या रंगात 'हळू' किंवा 'शाळा' लिहिलेलं असतं ते आठवा. वाकून पाहिलं तर अक्षरं विचित्र लांबट असतात. गाडी चालवणाऱ्याला तिरक्या नजरेने मात्र ती बरोबर दिसतात. तिरकं पाहणाऱ्याला सरळ दिसायचं तर रंगवणाऱ्याने मुद्दाम वाकडं काढावं लागतं. रस्त्यावर हे सोपं आहे, कारण गाडी एकाच बाजूने येते. जिन्यात नजर सतत जागा बदलते.

रेनाऊने हा प्रश्न अंगावर घेतला. जिन्यातून माणूस कसा चढतो, कुठे वळतो, कुठे क्षणभर थांबतो, याच्या वाटा त्याने कागदावर मांडल्या. त्या वाटांवरचे थांबे धरून आकृत्या कशा ताणायच्या ते ठरवलं. दोन भिंती जिथे भेटतात तो कोपरा तर मोडूनच टाकायचा असं चमूने ठरवलं. एखादी आकृती एका भिंतीवर सुरू होऊन दुसऱ्या भिंतीवर संपेल, आणि ठरलेल्या जागेवरून पाहणाऱ्याला कोपरा दिसणारच नाही. तीन भिंती आणि छत मिळून एकच अखंड चित्र. फोटो प्रोजेक्टरने भिंतीवर टाकायचे आणि त्यांच्या रेषा गिरवायच्या. रंग म्हणाल तर ओल्या गिलाव्यावरचे पारंपरिक फ्रेस्को रंग नव्हेतच. मोटारींना मारतात तो पायरॉक्सिलिनचा रंग, सेल्युलोजपासून बनवलेला, झटपट वाळणारा, पिचकारीने सिमेंटवर मारायचा. शिळाछापखाना, पोस्टर, फोटोमोंताज, एअरब्रश, असं रेनाऊने आजवर जे जे हाताळलं होतं ते सगळं या जिन्यात एकत्र आलं.

चित्राचं नाव 'भांडवलदार वर्गाचं चित्र'. एका बाजूला पोपटाचं डोकं लावलेला पुढारी हातवारे करून गर्दीला चेतवतोय. पोपटच का? जे शिकवलं तेवढंच बोलणारा, म्हणून. मधोमध एक प्रचंड यंत्र आहे, त्यात रक्त जातं आणि नाणी बाहेर पडतात. दुसऱ्या बाजूला बंदूक घेतलेला क्रांतिकारक. आणि मान वर केली की छतावर विजेचे मनोरे आणि उघडं आकाश, म्हणजे ज्यांची ती इमारत त्या वीज कामगारांचं जग.

मग २४ मे १९४० ची पहाट आली. स्टालिनने देशाबाहेर घालवलेला रशियन क्रांतिकारक त्रोत्स्की मेक्सिकोत आश्रयाला होता, त्याच्या घरावर मशीनगनने हल्ला झाला. त्रोत्स्की वाचला. हल्ल्याचं नेतृत्व सिकेरोसने केलं होतं. सिकेरोस भूमिगत झाला, त्याचे मेक्सिकन साथीदारही पांगले, आणि अर्धवट जिना रेनाऊच्या गळ्यात पडला. त्याने तो पुरा केला, काही भाग बदलून. आणि त्याच्याबरोबर पायाडावर उभी राहून तो पुरा केला मान्युएलाने. कलेच्या पुस्तकांत आजही हे चित्र बहुतेक वेळा 'सिकेरोसचं' म्हणून छापतात. रेनाऊचं नाव कधी येतं, कधी राहतं. मान्युएलाचं तर क्वचितच येतं. ती पोस्टरं करायची, मेक्सिकोचे पारंपरिक पोशाख काढायची, पाच मुलं वाढवायची आणि नवऱ्याच्या भिंती रंगवायची. मला वाटतं, या जिन्याखाली सिकेरोस, रेनाऊ आणि बायेस्तेर अशी तीन नावं ठळक अक्षरांत लिहायला हवीत.

मेक्सिकोत पोट भरायला पोस्टरं होती. सिनेमाची पोस्टरं दोघांनी मिळून ढिगाने केली. दुसरी मोठी भिंत मिळाली ती कुएर्नावाका शहरातल्या 'कासिनो दे ला सेल्वा' या हॉटेलात. मालक मान्युएल सुआरेस जन्माने स्पॅनिश. सुमारे ३० मीटर लांब भिंत, विषय स्पेन आणि अमेरिका खंडाची गाठ. १९४४ पासून १९५० पर्यंत हे काम चाललं. हा विषय त्याने का घेतला हे समजून घेण्यासारखं आहे. मेक्सिकोच्या राज्यघटनेचं ३३ वं कलम असं की परकीयाने देशाच्या राजकारणात ढवळाढवळ केली तर सरकार त्याला हाकलू शकतं. रिवेरा किंवा सिकेरोस मेक्सिकोच्या मंत्र्यांची टोपी उडवू शकत होते. निर्वासिताला ते परवडणारं नव्हतं. म्हणून पुष्कळ निर्वासित कलावंत मागे, स्पेनकडेच पाहत राहिले. परक्याच्या भिंतीवर माणूस आपलं घर रंगवतो, कारण यजमानाच्या घराबद्दल बोलायची त्याला मुभा नसते.

पुढे त्या हॉटेलाचं काय झालं? २००१ मध्ये ते विकलं गेलं आणि तिथे मोठं दुकान उभं करायचं म्हणून इमारती पाडायला घेतल्या. आवारातली जुनी झाडं आणि भिंतींवरची चित्रं वाचवा म्हणून कुएर्नावाकाचे लोक रस्त्यावर उतरले, काहींना अटक झाली. रेनाऊ जाऊन तेव्हा जवळजवळ वीस वर्षं झाली होती. ज्या शहरात तो पाहुणा होता, तिथल्या लोकांनी त्याच्या भिंतीला आपली म्हटलं. निर्वासिताला याहून मोठा मान कोणता मिळायचा!

१९४९ पासून रेनाऊने एक मोठी फोटोमोंताज-मालिका हाती घेतली, 'द अमेरिकन वे ऑफ लाइफ'. गुळगुळीत अमेरिकन मासिकं तो जमवायचा, त्यातले फोटो कापून विषयवार ठेवायचा. हसणारी कुटुंबं, चकचकीत मोटारी, शीतपेयाच्या बाटल्या, आणि त्यांच्याच शेजारी वर्णद्वेष, शस्त्रं, युद्धं. जाहिरातीची भाषा जाहिरातीवरच उलटवायची, हा त्याचा डाव. पोस्टरवाल्याच्या हाताशिवाय हे जमलं नसतं, कारण फसवणारा रंग कसा लावतात हे आधी माहीत असावं लागतं. ही मालिका १९६७ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि १९७६ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकी या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात दाखवली गेली. आज रेनाऊला जग सर्वात जास्त ओळखतं ते याच कामामुळे. तीही भिंत नव्हे. कागद होता, म्हणून बरोबर नेता आला.

१९५८ मध्ये तो पूर्व जर्मनीला गेला. मेक्सिकोत मोठी कामं मिळत नव्हती. पूर्व बर्लिनच्या दूरचित्रवाणीने रेखाटलेले चलचित्रपट करायला बोलावलं होतं, आणि पक्षावर त्याचा विश्वास होता. पुढच्या वर्षी मान्युएला आणि मुलं गेली, पण थोड्याच काळात दोघं वेगळी झाली. १९६८ नंतर त्याला पुन्हा भिंती मिळाल्या, त्याही अवाढव्य. हाले शहराशेजारी रासायनिक कारखान्यांच्या कामगारांसाठी हाले-नॉयश्टाट हे नवं शहर वसत होतं. तिथल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या जिन्यांच्या मनोऱ्यांवर त्याने भाजलेल्या फरशांची दोन उंच चित्रं केली. एकात कामगारवर्गाची एकजूट आणि पूर्व जर्मनीची स्थापना, वर माथ्यावर कार्ल मार्क्सचा चेहरा. दुसऱ्यात माणसाने काबूत आणलेल्या निसर्गाच्या आणि तंत्राच्या शक्ती. मेक्सिकोचा प्रश्न इथे शंभरपट मोठा झाला. आता पाहणारा जिन्यात नव्हता. तो ट्राममध्ये होता, चौकात होता, अर्ध्या किलोमीटरवरून चालत येणारा होता. तिथून दिसावं म्हणून त्याने आकृत्या ठळक केल्या, बारकावे वगळले.

एक खंत मात्र बोलून दाखवतो. अमेरिकेच्या जाहिरातींतला खोटेपणा ज्याला एका नजरेत दिसत होता, त्याने आपल्या यजमान राज्याच्या जाहिरातीला मात्र ती कात्री लावली नाही. १९६१ मध्ये बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि तो तिच्या पूर्वेला राहत होता. कुणी म्हणेल, तिथेही त्याला ३३ वं कलम लागू होतंच, फक्त कागदावर लिहिलेलं नव्हतं. कुणी म्हणेल, त्याचा खरोखरच विश्वास होता. मला दोन्ही खरं वाटतं. हालेच्या चित्रांतली ताकद मी नाकारत नाही, पण मेक्सिकोच्या जिन्यातला संताप तिथे नाही.

नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रांको गेला. १९७६ मध्ये रेनाऊ ३७ वर्षांनी वालेन्सियात उतरला. नंतरची वर्षं त्याने वालेन्सिया आणि पूर्व बर्लिन अशी दोन शहरांत वाटून काढली. १९७८ मध्ये आपलं काम आणि संग्रह सांभाळण्यासाठी वालेन्सियात प्रतिष्ठान उभारलं. ते सगळं आज तिथल्या आधुनिक कलासंग्रहालयात ठेवलेलं आहे. १९८० मध्ये युद्धकाळात चित्रं कशी वाचवली याची आठवण सांगणारं पुस्तक त्याने लिहिलं. चाळीस वर्षं फ्रांकोच्या राजवटीने 'लाल लोकांनी प्रादो लुटलं' असं पसरवलं होतं, त्याला तुसासकट, पेट्यांसकट उत्तर द्यायचं राहिलं होतं. सप्टेंबर १९८१ मध्ये 'गेर्निका' न्यूयॉर्कहून माद्रिदला आलं. स्पेन सरकारचा त्यावरचा हक्क ठरवताना १९३७ चे जुने कागद कामी आले. पिकासोला खर्चापोटी दीड लाख फ्रँक दिल्याची नोंद त्यांत होती. म्हणजे रेनाऊने मागितलेलं चित्र त्याच्या हयातीत घरी आलं. ११ ऑक्टोबर १९८२ ला तो पूर्व बर्लिनमध्ये वारला. फ्रीडरिख्सफेल्डेच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

त्याची शेवटची भिंत तेव्हा अर्धवट होती. एर्फुर्ट शहरात मॉस्को चौकातल्या संस्कृती केंद्रासाठी त्याने काचेच्या तुकड्यांचं चित्र आखलं होतं, 'माणसाचं निसर्गाशी आणि तंत्राशी नातं'. सुमारे ३० मीटर लांब, ७ मीटर उंच, आणि काचेचे तुकडे ७० हजारांच्या घरात. सहकाऱ्यांनी त्याच्या आराखड्यावरून १९८४ मध्ये ते पुरं केलं. पाच वर्षांनी बर्लिनची भिंत पडली, वर्षभरात पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. त्या राज्याच्या काळातल्या इमारती कुणाला नकोशा झाल्या. हाले-नॉयश्टाटमधलं त्याचं आणखी एक चित्र इमारतीबरोबर गेलं. एर्फुर्टचं केंद्र ओस पडलं आणि २०१२ मध्ये पाडलं गेलं.

पाडण्याआधी मात्र कुणीतरी चित्र उतरवून घेतलं. भिंतीवरून भाग सोडवले आणि कंटेनरमध्ये भरून ठेवले. तिथे ते वर्षानुवर्षं पडून होते. मग एका जर्मन प्रतिष्ठानाने पैसे आणि जाणकार पुरवले. निखळलेले तुकडे पुन्हा बसवले, फुटलेले बदलले, आणि २०१९ मध्ये त्याच चौकात, उघड्यावर, चित्रासाठीच बांधलेल्या नव्या आधारभिंतीवर ते उभं केलं. मागे आता कुठलीही इमारत नाही. लोक ट्रामच्या थांब्याकडे जाता-येता ते बघतात, चालता चालता.